पिग्मीचं यंत्र, ६२ आणि १८३

प्रश्न : ताई, आमच्या पतसंस्थेचे पिग्मी एजंट रोजचा भरणा हातातल्या अँड्रॉइड यंत्रावर नोंदवतात. ॲपमधला सी भाषेतला भाग सर्व्हरशी बोलण्यासाठी ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरतो. ती लायब्ररी मी उबंटूवर कंपाईल केली. लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये ॲप चालतं, खऱ्या यंत्रावर उघडताक्षणी बंद पडतं. लॉग म्हणतो, लिबक्रिप्टो (ओपनएसएसएलचीच फाईल) ६२ साठी आहे, १८३ हवी. शिवाय एम्युलेटरमध्ये सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासताना २० नंबरची एरर येते. तपासणी बंद केली की सगळं सुरळीत. तशीच ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही, चालणार नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, आधी यंत्र सुरू करू.

प्रत्येक .एसओ फाईलच्या (म्हणजे कंपाईल झालेल्या लायब्ररीच्या) सुरुवातीला ती कुठल्या प्रोसेसरसाठी आहे याचा आकडा असतो. ६२ म्हणजे लॅपटॉपचा एक्स८६-६४, १८३ म्हणजे ६४ बिटी आर्म. तुम्ही एम्युलेटरसाठी बांधलेली फाईल यंत्रात गेली आहे. कॉन्फिगर करताना ‘अँड्रॉइड-आर्म६४’ हे टार्गेट द्या. त्याआधी एनडीके (अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायची साधनं) कुठे आहे ते एन्व्हायर्नमेंटमध्ये सांगा आणि त्यातल्या क्लँग या कंपायलरचा फोल्डर पाथमध्ये सर्वांत पुढे ठेवा. एकाच फोल्डरात दोन टार्गेट बांधू नका. जुन्या ऑब्जेक्ट फाईली मिसळल्या की दिवस वाया जातो. प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बिल्ड फोल्डर करा, ओपनएसएसएलला ते चालतं. तयार फाईल रीडएल्फ या टूलने उघडून ‘मशीन’ची ओळ वाचा आणि मगच ॲपमध्ये टाका. काही एजंटांकडे जुनी ३२ बिटी यंत्रं असतील तर आर्मव्ही७चा बिल्डही लागेल.

फोनमध्ये आधीच असलेली लायब्ररी वापरण्याचा विचारही करू नका. अँड्रॉइड ६ पासून तिथे ओपनएसएसएल नाही, गूगलची बोरिंगएसएसएल आहे, आणि अँड्रॉइड ७ पासून ॲपना सिस्टीमच्या अशा खासगी लायब्ररींना हात लावता येत नाही. प्रत आपली आपणच बांधायची. मग तिची जबाबदारीही आपलीच. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला सुरक्षेचा दोष उघड झाला तेव्हा तिच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या सदोष निघाल्या होत्या. ज्यांनी स्वतःची प्रत ॲपमध्ये घातली होती त्यांना ती नव्याने बांधूनच द्यावी लागली. फोनच्या अपडेटने ती सुधारत नाही. म्हणून ओपनएसएसएलची १.१.१ आवृत्ती घेऊ नका, तिचा आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. ३.५ घ्या, तिला एप्रिल २०३० पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

आता २० नंबर. त्याचा अर्थ, सर्टिफिकेट ज्याने दिलं तो ओपनएसएसएलला सापडला नाही. आपण बांधलेली लायब्ररी तो आपल्याच ठरलेल्या फोल्डरात शोधते, आणि फोनवर तो फोल्डरच नसतो. मग लोक तिला सिस्टीमच्या ‘सीएसर्ट्स’ या सर्टिफिकेटांच्या फोल्डराकडे वळवतात. तिथेही निराशाच, कारण अँड्रॉइड त्या फाईलींना जुन्या, एमडी५ वर आधारलेल्या हॅशची (गणिताने काढलेल्या छोट्या सांकेतिक आकड्याची) नावं देतं आणि ओपनएसएसएल १.०.० पासून नवीन हॅशने शोधते. फाईल समोर असते, नाव जुळत नाही. बहुतेक जण इथेच कंटाळून तपासणी बंद करतात.

मीही केली होती. पहिल्या नोकरीत ‘टेस्टिंगपुरती’ म्हणून बंद केलेली तपासणी सात महिने लोकांच्या फोनवर बंदच राहिली. नुकसान झाल्याचं कुणी कळवलं नाही, पण ते सात महिने मला अजून टोचतात. तपासणी बंद असली तरी माहिती एन्क्रिप्ट होतेच, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण बाजारातल्या फुकटच्या वायफायवर मध्ये बसलेला कुणीही ‘मीच सर्व्हर’ म्हणाला की ॲप त्याच्यावर विश्वास ठेवतं. तुमच्या यंत्रातून भाजीवालीचे रोजचे पन्नास रुपये आणि तिचा खाते क्रमांक जातो. तिने पैसे तुमच्या एजंटाच्या भरवशावर दिलेत.

उपाय फार अवघड नाही. सर्व्हर तुमचाच आहे, तेव्हा त्याच्या मूळ सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्याचं) सर्टिफिकेट ॲपसोबत द्या आणि कनेक्शनआधी ते लोड करा. ते कधी संपतं ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते : ओपनएसएसएल सर्टिफिकेट खरं आहे का ते पाहते, ते तुमच्याच सर्व्हरच्या नावाचं आहे का हे सांगितल्याशिवाय पाहत नाही. ‘एसएसएल_सेट१_होस्ट’ या फंक्शनला सर्व्हरचं नाव द्यायलाच हवं.

झालं की उलटी चाचणी घ्या. मुद्दाम चुकीचं होस्टनाव द्या, मग दुसऱ्याच सीएचं सर्टिफिकेट लोड करा. दोन्ही वेळा कनेक्शन तुटलं पाहिजे. एकदा जरी जुळलं, तर यंत्र एजंटांच्या हातात देऊ नका. बिल्डचा लॉग आणि कनेक्शनचा कोड मला पाठवा, मी बघते.