आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : गोळ्या का चुकतात?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉईडचा त्रास आहे. गावातील डॉक्टरांची आणि बेळगावच्या तज्ज्ञांची, अशी दोन्हीकडची औषधे चालू आहेत. बरे वाटू लागले की त्या गोळ्या बंद करतात आणि एकादशीला तर एकही घेत नाहीत. मी काही बोलले की चिडतात. काय करावे?
— एक सूनबाई, खानापूर तालुका

उत्तर : प्रथम हे लक्षात घ्यावे, की तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटले आहे. ‘गोळ्या घेतल्या का?’ असे विचारले की ‘घेतल्या’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या, आणि कशामुळे?’ असे निवांतपणे विचारावे. कोणाला गोळीने मळमळते, तर कोणाला मुलावर खर्चाचा भार नको असतो. खर्चाचेच कारण असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळते का, ते पाहावे.

पुढच्या तपासणीला जाताना घरातील सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या पिशवीतून दोन वेगळ्या नावांची पाकिटे निघाली. एक गावच्या डॉक्टरांनी दिलेले, दुसरे शहरातल्या, आणि दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचे एकच औषध होते. दुप्पट मात्रेने पाय सुजू लागले, म्हणून आजींनी दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांना हट्टी कसे म्हणावे?

आपल्या सीमाभागात लिपीचीही अडचण आहे. चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटावरची सूचना कन्नडमध्ये, आणि आजींचे शिक्षण मराठी शाळेतले. ‘ऊटद नंतर’ हे कानावर पडले तर त्यांना जेवणानंतर असे बरोबर समजते, पण तेच लिहिलेले वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटावर त्या-त्या गोळीची वेळ, उदाहरणार्थ ‘सकाळी, चहाच्या अर्धा तास आधी’, अशी ठळक मराठीत लिहावी. पाकिटातून हव्या तेवढ्याच गोळ्या कापून घेताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख असलेला भाग शाबूत ठेवण्यास दुकानदाराला सांगावे.

एकादशीचा उपवास मोडायला लावू नये. थायरॉईडची गोळी तर उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायची असते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी मात्र उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, तेव्हा उपवासाच्या दिवशी काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे ‘बरे वाटते’ हा निकष येथे चालत नाही. मोजलेला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून त्यांना दाखवत जावा.

प्रश्न : गोळी राहून गेल्यास पुढच्या वेळी दोन घ्याव्यात काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. सर्वसाधारणपणे आठवताच गोळी घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्याबाबत मात्र अंदाजाने न वागता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.