ईडीटीए टाकूनही अमायलेज चालू कसं राहतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला लाळेतल्या अमायलेजमध्ये (स्टार्च तोडणारं एन्झाइम) ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन, घातलं, तरी स्टार्च पचलं आणि आयोडिनचा निळा रंग आलाच नाही. मग या एन्झाइमला कॅल्शियम लागतं हे पुस्तकातलं विधान खरं का? आणि एक अमिनो आम्ल बदललं की एन्झाइम बंद पडतं, ते का?

मी वागळे इस्टेटमध्ये एन्झाइमच्या तपासणीचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. पुस्तक बरोबर आहे आणि तुमचा प्रयोगही बरोबर आहे.

अमायलेजमधलं कॅल्शियम स्टार्च तोडत नाही. माणसाच्या स्वादुपिंडातलं अमायलेज लाळेतल्याचं सख्खं भावंड. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; त्यात तोडण्याचं काम साखळीतल्या १९७, २३३ आणि ३०० या जागांवरची तीन अमिनो आम्लं करतात. कॅल्शियम शेजारी बसून एन्झाइमचे दोन भाग एकत्र धरून ठेवतं. मांडवाच्या खुंटासारखं. वारा नसेल तर खुंट सैल झाल्याचं लगेच कळतही नाही. इथे वारा म्हणजे उष्णता. शिवाय ही पकड फार घट्ट असते; थंड नळीत थोडा वेळ ठेवलेलं ईडीटीए सगळं कॅल्शियम ओढून काढेलच असं नाही.

भिवंडीच्या कापडावरची स्टार्चची खळ काढायला अमायलेज वापरतात, तिथे हे ठळक दिसतं. बोअरच्या कठीण पाण्यात काम बिनबोभाट होतं. सॉफ्टनरमधून काढलेल्या पाण्यात कॅल्शियमच उरत नाही, आणि ते वेगळं घातलं नाही तर काही अमायलेज गरम टाकीत लवकर दम तोडतात. लोक माल खराब म्हणतात; मी आधी पाण्याची चौकशी करतो.

आता अमिनो आम्लाकडे. ‘बदल झाला’ एवढं पुरेसं नाही, कुठे झाला ते बघायला हवं. १९७वरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल बदललं की वेग सुमारे दहा लाख पटींनी घटतो. कॅल्शियमजवळच्या बदलाचं गणित वेगळं. कॅल्शियमला १०० आणि १६७वरची अमिनो आम्लं आपल्या बाजूच्या साखळीने धरतात (हा भाग प्रत्येक अमिनो आम्लात वेगळा), तर १५८ आणि २०१वरची प्रथिनाच्या मुख्य साखळीतल्या ऑक्सिजनने (हा भाग सगळ्यांत सारखा). म्हणून १६७ बदललं तर पकडच जाऊ शकते. २०१ बदललं तरी तो ऑक्सिजन जागेवर असतो, परिणाम आजूबाजूच्या आकारातून येतो. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

सगळीकडे कॅल्शियम खुंटच असतं असं मात्र नाही. सापाच्या विषातल्या फॉस्फोलायपेज ए२ या चरबी तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ते प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत भाग घेतं आणि त्याला ४९व्या जागेवरचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल धरतं. काही विषारी सापांत तिथे लायसिन असतं. लायसिनचा धन प्रभार कॅल्शियमची जागा अडवतो आणि ते प्रथिन चरबी तोडू शकत नाही. तरीही ते स्नायूंना इजा करतं, फक्त वेगळ्या मार्गाने.

उलट, कपडे धुण्याच्या पावडरीतल्या सब्टिलिसिन या एन्झाइममधला ७५ ते ८३ या जागांचा कॅल्शियम धरणारा तुकडा शास्त्रज्ञांनी चक्क काढून टाकला. एन्झाइम आधी डळमळीत झालं. दुसऱ्या जागांवरची अमिनो आम्लं बदलून ते पुन्हा भक्कम केलं. कॅल्शियमची गरज उरली नाही.

प्रयोग पुन्हा करा. ईडीटीएचा पीएच आधी जुळवून घ्या, नाहीतर पीएचचा दोष कॅल्शियमच्या माथी जाईल. पीएच स्थिर ठेवायला ट्रिस बफर वापरा, फॉस्फेट बफर नको, कारण फॉस्फेट स्वतःच कॅल्शियम अडवतं. ईडीटीए असलेली आणि नसलेली नळी काही मिनिटं ५० अंशांना ठेवा, थंड करा, मग स्टार्च घाला. तिसऱ्या नळीत ईडीटीएपेक्षा जास्त कॅल्शियम क्लोराइड गरम करण्यापूर्वी घाला, चौथ्यात गरम केल्यानंतर. तिसरी आणि चौथी यांत किती फरक पडतो, तो वहीत वेगळा लिहा.