ऑनलाइन विज्ञानाचे धडे ‘इंटरॅक्टिव्ह’ कसे करावेत? कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

तुम्ही आठवी-नववीला विज्ञान शिकवता, संस्थेने ऑनलाइन धडे तयार करायला सांगितलेत, आणि मुलं कंटाळू नयेत म्हणून ॲनिमेशन, गेम, क्विझ यांतलं काय घालावं व कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करावं, असं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते. आधी दुसरंच सांगायचंय, कारण याच मुद्द्यावरून मी एका नोकरीत शेवटपर्यंत भांडले आहे.

मुलाने स्क्रीनवर काहीतरी दाबलं म्हणजे धडा इंटरॅक्टिव्ह झाला, हे आधी डोक्यातून काढून टाका. ‘पुढे जा’चं बटण, चित्रावर टिचकी मारली की उघडणारी चौकट, ओढून आकृतीवर सोडायची नावं, या सगळ्यात फक्त बोट काम करतं. मुलाला आधी स्वतःचं मत द्यायला लावा. ते चुकलं तर नेमक्या त्याच चुकीला उत्तर द्या, आणि त्या उत्तराने त्याला परत विचारात पाडा. एवढं असेल तर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांतला धडाही चालतो. एवढं नसेल तर लाखभर रुपयांचं ॲनिमेशनही वाया.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवायचे. नंतर पुण्यात ई-लर्निंगच्या एका कंपनीत विषयतज्ज्ञ म्हणून लागले. काम असं, की धड्याचा स्टोरीबोर्ड लिहायचा: पडद्यावर काय दिसेल, आवाज काय बोलेल, मूल कुठे क्लिक करेल. मग तो चित्रवाल्यांकडे, तिथून रेकॉर्डिंगला.

माझ्याकडे धाराविद्युत आलं. एक बॅटरी, दोन सारखे बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे एकाच वाटेत एकामागे एक. कोणता बल्ब जास्त पेटेल? ज्यांनी हा प्रश्न वर्गात विचारलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मुलं छातीठोकपणे सांगतात, बॅटरीजवळचा. कारण ‘पहिला बल्ब वीज खातो, उरलेली दुसऱ्याला जाते’. भौतिकशास्त्राच्या शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही समजूत देशोदेशीच्या मुलांत नोंदवलेली आहे. आणि ती बिनडोक मुळीच नाही. गावातल्या नळाच्या लाइनीवर पहिल्या घराला जोरात पाणी येतं आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार, हे मूल रोज बघतं. ते अनुभवावरूनच बोलत असतं.

मी जे चार पर्याय लिहिले ते मुलांच्या वह्यांतून आणि तोंडून आलेले होते. अ) बॅटरीच्या धन टोकाजवळचा बल्ब जास्त. ब) ऋण टोकाजवळचा जास्त. हे हुशार मुलाचं उत्तर. इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात हे त्याने पाठ केलेलं असतं, पण ‘पहिला खातो’ ही समजूत तशीच असते, त्यामुळे तो फक्त बाजू बदलतो. क) दोन्ही सारखे, आणि एकटा बल्ब असताना होता तेवढेच. या मुलाला वाटतं, बॅटरी कायम तेवढीच धारा सोडते, पुढे काहीही जोडा. ड) दोन्ही सारखे, पण एकट्यापेक्षा मंद. हे बरोबर.

आता चुकीच्या उत्तरांचं. ‘अ’ आणि ‘ब’ला मी लिहिलं होतं: ‘ठीक आहे. पहिल्या बल्बने धारा वापरली असेल, तर दोन बल्बांच्या मध्ये ठेवलेला ॲमीटर (धारा मोजायचं यंत्र) पहिल्या बल्बाआधीच्या ॲमीटरपेक्षा कमी दाखवेल. आधीचा 0.15 अँपिअर दाखवतोय. मधला किती दाखवेल ते लिही.’ मूल 0.10 लिहितं, 0.08 लिहितं. मग मधला ॲमीटर दिसतो: 0.15. शेवटचा: 0.15. पुढे, ‘बल्बांची अदलाबदल कर आणि परत बघ.’ ‘क’ला उत्तर वेगळं: ‘एक बल्ब काढ आणि दुसरा थेट बॅटरीला जोड. धारा किती झाली?’ 3 व्होल्टची बॅटरी, 10 ओहमचे बल्ब, त्यामुळे 0.3. काढलेला बल्ब परत लावला की 0.15. मग बॅटरी कायम तेवढीच धारा सोडते का?

‘चूक’ हा शब्द कुठेही नव्हता. मुलाच्या म्हणण्यावरून काय घडायला हवं ते त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं आणि मग आकडा दाखवायचा, एवढंच.

आमच्या साहेबांनी रिव्ह्यूमध्ये ही सगळी उत्तरं काट मारून टाकली. प्रत्येक उत्तराचं वेगळं रेकॉर्डिंग, वेगळी चित्रं, खर्च कोण करणार? मुलं एवढं वाचत नाहीत. आणि चुकीवर इतका वेळ घालवला की मूल खचतं. त्याऐवजी तिन्ही चुकांना एकच वाक्य आलं, ‘अरेरे! पुन्हा प्रयत्न कर.’ आणि वाचलेल्या पैशात गॉगल घातलेली एक बोलकी वीज आली, जी बरोबर उत्तराला नाचायची आणि चुकीच्या उत्तराला रडायची.

मी हट्ट धरला की दोन्ही धडे मुलांसमोर ठेवूया. मुळशीकडच्या एका शाळेत दोन लॅपटॉप घेऊन गेलो. माझ्या धड्यात चित्रं अगदी साधी, आवाज माझाच. गॉगलवाल्या विजेच्या धड्यावर मुलांनी पहिल्याच मिनिटात शोधून काढलं की चुकीचं दाबलं की ती रडते. मग अ, ब, क, सगळं दाबून झालं, खिदळून झालं, शेवटी ड दाबून तिला नाचवलं. गुण पूर्ण. साहेब खूश, मुलं पाहा कशी गुंतलीत म्हणून.

मग मी पिशवीतून विजेरीचे बल्ब, होल्डर, वायरी आणि सेल काढले. मंडळ जोडलं, फक्त शेवटची वायर लावायची ठेवली, आणि विचारलं, कोणता जास्त पेटेल? नुकतंच ड दाबून विजेला नाचवलेल्या मुलांनी बोट दाखवलं ते बॅटरीजवळच्या बल्बाकडे. वायर लावली, आणि झालं असं की तो खरंच जास्त पेटला. दुकानातले सुटे बल्ब कधी एकसारखे नसतात. मुलांनी आरडाओरडा केला, ‘बघा, पहिलाच जास्त!’

माझ्या धड्यावर बसलेली एक मुलगी तोवर गप्प होती. धड्यात तिनेही ‘अ’च निवडलं होतं आणि मधल्या ॲमीटरसाठी 0.05 लिहिलं होतं. ती पुढे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, जागा बदलून बघू.’ बल्ब बदलले. जास्त पेटणारा बल्ब आता दुसऱ्या जागेवर होता आणि तरीही तोच जास्त पेटत होता. ती वळून मुलांना म्हणाली, ‘बल्बच वेगळाय. जागेचं काही नाय.’ त्या मुलीला एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखी असते हे वाक्य पाठ होतं की नाही, मला माहीत नाही आणि फरकही पडत नाही. शंका आली तर तपासायचं कसं, हे तिला कळलं होतं. त्या बल्बाचा रोध जास्त होता, त्यामुळे तेवढ्याच धारेत तो जास्त उजळत होता. हे सांगायला मला त्यानंतर फार वेळ लागला नाही, कारण प्रश्न आता मुलांचा झाला होता.

परत येताना गाडीत साहेब म्हणाले, ‘छान आहे हो, पण डेमोत शाळेच्या संचालकांना काय दाखवणार?’ रडणारी वीज विकली गेली. मुलांच्या आवडीचे फॉर्म भरून घेतले होते, त्यावर हसरे चेहरेच चेहरे. तेच पुरावा म्हणून दरवेळी माझ्यासमोर ठेवले जायचे.

म्हणून तुम्हाला सांगते, ‘मुलांना आवडलं का?’ हा प्रश्न धडा तपासायला कुचकामी आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. छान व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. स्वतः गणितं सोडवत बसलेल्यांना वाटलं, कमी शिकलो. चाचणीत उलटं निघालं. डोक्याला ताण पडला की मुलाला ते शिकणं वाटतच नाही. तसंच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनच्या केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाची माहिती तपासली. व्हिडिओ बघणं किंवा वाचणं यापेक्षा प्रश्न सोडवत जाण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सहा पटींहून जास्त भरला. हे प्रश्न असे होते की चुकलं तर लगेच सूचना मिळायची. साहेबांना मी हे तेव्हा दाखवू शकले नाही, कारण हे अभ्यास तेव्हा आले नव्हते. आज दाखवलं असतं.

आता तुमच्यासाठी कामाचं. एका धड्याला एकच प्रश्न निवडा, ज्यात मुलं दरवर्षी हटकून अडकतात. पर्याय मनाने लिहू नका. आधी तोच प्रश्न पर्यायांशिवाय, कागदावर, ‘का?’ सकट वर्गाला द्या आणि कागद घरी घेऊन बसा. तीन-चार जातीच्या चुका आपोआप वेगळ्या पडतात. तेच तुमचे पर्याय. ‘वरीलपैकी नाही’ घालू नका, त्यातून तुम्हाला काही कळत नाही. मग प्रत्येक चुकीसाठी एक छोटं उत्तर लिहा, ज्यात मुलाला काहीतरी करून किंवा सांगून बघावं लागेल. तुमचा सगळा वेळ या उत्तरांवर जाऊ दे. व्हिडिओ लागलाच तर सहा मिनिटांच्या आत ठेवा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या 69 लाख व्हिडिओ-सत्रांच्या 2014 च्या अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडे टिकला नव्हता. बिल्ले, गुणांच्या याद्या, पहिला नंबर, हे तर नकोच. शेवटच्या बाकावरचं मूल तिथेही शेवटीच दिसतं.

सॉफ्टवेअर: महागडं काही घेऊ नका. आमची ती नाचरी वीज फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. अडोबीने 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि तसे हजारो धडे शाळांच्या कपाटात सीडीवर मेले. माझा स्टोरीबोर्ड मी आता गुगल फॉर्ममध्ये चालवते. त्यात बहुपर्यायी प्रश्नाला ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ अशी सोय आहे, म्हणजे ‘अ’ निवडणाऱ्याला एक पान, ‘ब’ निवडणाऱ्याला दुसरं. फुकट आहे, साध्या स्मार्टफोनवर चालतं, लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकता येते, आणि कोणी काय निवडलं ते सकाळी वर्गात जायच्या आधी तुमच्या शीटमध्ये आलेलं असतं. खरा धडा तिथून पुढे, वर्गात. थोडं शिकायची तयारी असेल तर एच-फाइव्ह-पी (H5P) हे असे प्रश्न-धडे बनवायचं साधन घ्या. तेही मुक्त आहे आणि प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो. विद्युतमंडळासाठी फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचे आभासी प्रयोग, वापरा. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात तो प्रकल्प सुरू केला. फुकट आहे, लॅपटॉपवर उतरवून घेतलं तर नेटशिवाय चालतं, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत. फक्त मुलांना नुसतं ‘खेळा’ म्हणून सोडू नका. आधी भाकीत लिहून घ्या, मग ॲमीटर लावू द्या.

काही गोष्टी राहिल्या. ॲनिमेशनशी माझं वैर नाही. जिथे हालचाल हाच विषय आहे, म्हणजे हृदयाच्या कप्प्यांतून रक्त कसं फिरतं, ग्रहण कसं लागतं, तिथे ते हवंच. पहिली-दुसरीच्या मुलांना नाचणारं पात्रही चालेल, त्या वयाचं मी शिकवलेलं नाही. मुळशीची ती शाळा एकच होती आणि मुलं थोडी होती, तेव्हा त्याला संशोधन समजू नका. मुलांच्या घरी फोन बहुतेक वडिलांचा असतो आणि रात्री हातात येतो, म्हणून धडा दहा-पंधरा मिनिटांत संपेल असाच ठेवा. आणि संस्थेला डेमो दाखवायची वेळ आली, तर स्क्रीन दाखवत बसू नका. संचालकांनाच तो दोन बल्बांचा प्रश्न विचारा आणि त्यांचं उत्तर फॉर्ममध्ये भरायला लावा.

गुगल फॉर्म करताना एक सांभाळा. प्रत्येक चुकीच्या उत्तराचं पान संपलं की पुढे कुठे जायचं ते त्या विभागाच्या तळाशी स्वतः निवडावं लागतं. ते राहिलं तर ‘अ’वालं मूल आपलं उत्तर वाचून सरळ ‘ब’च्या पानावर जाऊन पडतं आणि पुरतं गोंधळतं. लिंक पाठवण्याआधी चारही वाटांनी स्वतः एकदा जाऊन या.