‘वानर बिथरला की घरधनी (३)’, उत्तर ‘नवरा’. गूढ शब्दकोड्यातला हा क्लू न्याय्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. अशा क्लूत एक भाग उत्तराचा अर्थ सांगतो (इथे ‘घरधनी’), दुसरा अक्षरांचा खेळ (‘बिथरला’ म्हणजे ‘वानर’ची अक्षरं ढवळा), आणि कंसात उत्तराची अक्षरं किती ते.

तुमचा मित्र म्हणतो, ‘वानर’ ढवळला की ‘नवरा’ मिळतो. तुम्ही म्हणता, मिळत नाही. मी तुमच्या बाजूचा आहे. पण मित्राचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. व, न, र आणि एक काना, दोन्ही शब्दांत सामान तेवढंच आहे.

आता चौकटीकडे बघा. मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, मात्रेसकट. कंसातला ३ हा आकडा त्याच हिशोबाने आलाय; काना सुटा धरला असता तर ४ लिहावं लागलं असतं. ‘नवरा’च्या शेवटच्या घरातून उभा शब्द जाणार असेल तर त्याला ‘रा’ मिळतो, नुसता ‘र’ नाही. मोजताना अक्षर, घरात भरताना अक्षर, आणि ढवळताना तेवढा काना उपटून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा, हे कसं चालेल? कोड्याच्या वर ‘मात्रा सुट्या धरल्या आहेत’ असं छापलं असतं तर माझी तक्रार नव्हती. ते न छापता केलं, म्हणून हा क्लू मी बाद धरतो.

सोलापुरात आम्ही काही मंडळी एकमेकांना अशी कोडी घालतो. आमच्यात हा वाद निघाला की मी ‘रजनी’ पुढे करतो. र-ज-नी. शेवटचं अक्षर पुढे आणा: नी-र-ज. म्हणून क्लू असा: ‘रजनीचा शेवट आधी झाला, कमळ उमललं (३)’. एकही मात्रा हललेली नाही, आणि वरवर वाचलं तर रात्र लवकर सरली, कमळ फुललं, इतकं साधं चित्र. यावरही आमच्यात भांडण आहेच. एकजण म्हणतो, ‘उमललं’ हा शब्द फुकटचा, अर्थ तर फक्त ‘कमळ’ एवढाच आहे. माझ्या मते तो चालतो, कारण ‘हे केलं की ते उमलतं’ असा तो दोन भागांना जोडतो. पण त्याचा आक्षेप मी हलका मानत नाही.

कारण हा आक्षेप फार जुना आहे. इंग्रजीत ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश साप्ताहिकात १९२६ पासून टॉर्केमाडा नावाने कोडी यायची, भयंकर अवघड. त्यांच्यानंतर आलेल्या झिमेनीज, म्हणजे डेरिक मॅकनट यांनी १९६६ साली आख्खं पुस्तक लिहून नियम मांडले. १९७२ मध्ये त्यांच्या गादीवर आलेल्या ॲझेडने त्याचं सार सांगितलं: चांगल्या क्लूत नेमका अर्थ हवा, शब्दखेळाची प्रामाणिक खूण हवी, आणि तिसरं काहीही नको. (तिघांची टोपणनावं स्पॅनिश इन्क्विझिशनच्या, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या धर्मन्यायालयाच्या, न्यायाधीशांवरून घेतलेली, ॲझेड हे तर ‘डेझा’ उलटं लिहून.) त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, ॲफ्रिट या कोडी रचणाऱ्यांनी लिहिलेलं मला सर्वांत पटतं. कोडं घालणारा बोलतो त्याचा वरवरचा अर्थ त्याला अभिप्रेत असायलाच हवा असं नाही, पण जे अभिप्रेत आहे ते त्याने बोललंच पाहिजे. उलट बाजूला ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात कोडी घालणारे अराउकेरिया होते. ते नियम खुशाल वाकवायचे, तरी लोकांचे अतिशय लाडके.

‘सदा उलटा वागणारा नोकर (२)’ हा क्लू घ्या. वाचणाऱ्याला सदा नावाचा हेकट गडी दिसतो. तशी दिशाभूल करायचा पूर्ण हक्क आहे. पण ‘सदा’ उलटा केला की ‘दास’, आणि दास म्हणजे नोकर. बोलायचं ते सगळं बोललेलं आहे. इथे ‘सदा’च्या जागी ‘नेहमी’ लिहिलं असतं तर मी हरकत घेतली असती: आधी नेहमीचा सदा करा, मग सदा उलटा करा. उलटायचा किंवा ढवळायचा शब्द समोर छापलेला हवा.

आपल्या भाषेत खरी गंमत विभक्तीपाशी येते, आणि इंग्रजी नियम तिथे कामाला येत नाहीत. ‘चादरीत लपलेली खोल जागा (२)’. उत्तर दरी, चा-दरी-त. आमच्या गावाला शोभेलसा क्लू, मला फार आवडतो. आता दुसरा: ‘अर्ध्या सोलापुरात पाण्याचा लोंढा (२)’. उत्तर पूर. कुठला अर्धा हे सांगितलेलं नाही, ते मला चालतं, दोनच तर शक्यता. पण ‘सोलापुरात’मध्ये पु ऱ्हस्व आहे. रचणारा म्हणतो, मूळ शब्द सोलापूर, त्यातून घ्या. मग चादरीच्या वेळी मूळ ‘चादर’ का नाही घेतलीत? त्यात दरी नाहीच. मी एकच रीत धरतो: प्रत्यय सोलून टाकायला मुभा आहे, पण जे उरेल ते छापलंय तसंच घ्यायचं. ‘सोलापूरचा उत्तरार्ध पाण्याचा लोंढा’ लिहा, पू दीर्घ राहतो आणि वाद मिटतो.

क्लूत स्थानिक शब्द चालतात का, हेही तुम्ही विचारलंय. ‘सिद्धेश्वराची जत्रा (२)’ म्हटलं की सोलापूरकर संक्रांत आठवून लगेच ‘गड्डा’ लिहील, नागपूरकराने काय करायचं? ‘एक कोबीचा, एक सिद्धेश्वराचा (२)’ असं केलं की त्यालाही कोबीच्या गड्ड्याकडून वाट सापडते. एक दार ओळखीच्यांसाठी असेल तर दुसरं सर्वांसाठी उघडं हवं.

आता तुमच्या मित्रासाठी. ‘नवरा’ त्याला प्रिय असेल तर हे बघा: ‘नवीन रानाच्या तोंडाशी घरधनी (३)’. नवीन म्हणजे नव, रानाचं तोंड रा. आमच्याकडे शेताला रानच म्हणतात, त्यामुळे नव्या शेताच्या वाटेवर उभा असलेला धनी डोळ्यांपुढे येतो, आणि काना जिथल्या तिथे राहतो. त्याला हा दाखवा. ‘तोंड म्हणजे पहिलं अक्षर’ यावर तो नक्की भांडेल. त्यात त्याचं काय म्हणणं पडतं ते मला खरंच ऐकायचंय.