'यजमान पेशी' म्हणणं चूक आहे का?

एका ताईंनी विचारलंय की मुलाला बायो शिकवताना 'यजमान पेशी' (होस्ट सेल, म्हणजे जंतू किंवा त्याचं विष जिचा वापर करून घेतं ती पेशी) हा शब्द खटकतो, यजमान म्हणजे पाहुण्यांना बोलावून जेवू घालणारा, पेशीने जंतूला कुठे बोलावलंय, मग सरळ 'बाधित पेशी' का म्हणू नये? आणि जंतूचं प्रोटीन पेशीत 'शिरतं' म्हणायचं की 'घुसतं'?

ताई, मला 'यजमान'च योग्य वाटतो. बोलावणारा हा अर्थ नंतरचा. मुळात यज् धातू, यजमान म्हणजे जो स्वतःसाठी यज्ञ करवतो, मंत्र दुसरे म्हणतात पण तूप, समिधा, दक्षिणा सगळं त्याचं. आजही सत्यनारायणाला गुरुजी म्हणतातच ना, "यजमान, पाणी सोडा". थोडक्यात ज्याच्या खर्चाने कार्य होतं तो.

आता पटकी घ्या, म्हणजे कॉलरा. यात जंतू पेशीच्या आत जातच नाही, आतड्यात बाहेरच राहतो, आत जातं ते त्याचं टॉक्सिन, म्हणजे विषारी प्रोटीन. कलकत्त्याचे संशोधक शंभुनाथ डे यांनी 1959 साली हे दाखवलं, जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडलं तरी तो तुकडा पाण्याने फुगला (या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं). म्हणून 'बाधित पेशी' इथे नको, वाचणाऱ्याला वाटेल जंतू आत बसलाय.

आणि खर्च कुणाचा ते बघा. टॉक्सिनमधे ए आणि बी असे दोन प्रकारचे तुकडे असतात. पाच बी तुकडे कड्यासारखे जोडलेले असतात, ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम1 नावाच्या रेणूला चिकटतात, मग पेशीच आपलं आवरण आत दुमडून त्याला आत घेते, तिच्याच पिशव्या त्याला उलट्या वाटेने गॉल्जीकडून (पेशीतली प्रोटीनं वाटून पाठवणारा भाग) ईआरपर्यंत (पेशीतला प्रोटीनं घडवणारा भाग) नेतात. त्याच्या शेपटीला केडीईएल अशी चार अक्षरांची खूण असते, पेशी स्वतःची ईआरमधली प्रोटीनं परत आणायला अगदी तशीच खूण वापरते. तिथे पेशीचंच एन्झाइम टॉक्सिनच्या ए भागातला ए1 तुकडा सुटा करतं, आणि बिघडलेलं प्रोटीन समजून पेशीच तो ईआरबाहेर, पेशीद्रवात टाकते. असा कचरा एरवी लगेच कुटला जातो, पण कुटण्याची खूण बहुतेक लायसिन या अमिनो आम्लावर लागते आणि ए1 मधे लायसिन फारच कमी, म्हणून तो वाचतो. मग तो पेशीतला एक स्विच कायमचा चालू करून ठेवतो, सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइड आतड्यात जातं, पाठोपाठ पाणी, आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात.

क्रियापदाचं म्हणाल तर 'शिरणं' म्हटलं की शिरणारा स्वतः हलतो, साप बिळात शिरतो तसं. पटकीचं टॉक्सिन शिरत नाही, नेलं जातं. 'घुसणं' पण नको, पण 'घुसवणं' साल्मोनेला या दुसऱ्या जंतूला चपखल बसतं, कारण तो स्वतःच्या सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रोटीनं पेशीत टोचतो, तिथे जोर जंतूचा.

मुलाच्या वहीत मी असं लिहीन: 'साल्मोनेला आपली प्रोटीनं यजमान पेशीत घुसवतो, पटकीचं टॉक्सिन यजमान पेशी स्वतःच आत नेते.'