बीपी 200/110 आणि हर्निया अडकलेला: थांबायचं का? स्पायनल (कमरेतून दिलेली, खालचा भाग बधिर करणारी भूल) की पूर्ण भूल?

थांबू नका. बीपी 180/110 च्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकला, ही मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती ठरवून केलेल्या ऑपरेशनची आहे. हर्नियात अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते काळं पडतं. आकडा उतरायची वाट बघत बसलात तर साध्या दुरुस्तीच्या जागी आतडं कापावं लागतं. शिवाय त्या 200 मधला बराच वाटा दुखण्याचा असतो. फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) 25 ते 50 मायक्रोग्रॅम शिरेतून द्या, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. जिभेखाली निफेडिपिन (बीपी झटकन उतरवणारं औषध) टाकणारे अजून भेटतात. बीपी किती कोसळेल यावर मग कुणाचाच ताबा राहत नाही, आणि पक्षाघात झाला की तो भुलेच्या खात्यावर मांडला जातो.

मला भीती असते ती भूल दिल्यानंतरच्या दहा मिनिटांची. हा माणूस आतून कोरडा असतो: उलट्या, फुगलेल्या आतड्यात अडकलेलं पाणी, वर बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी. पोटॅशियमही बहुधा कमी. सकाळी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही बीपीची गोळी घेतली असेल तर पडलेलं बीपी इफेड्रिनला (बीपी वाढवणारं इंजेक्शन) नीट दाद देत नाही. त्याहून जोरदार नॉरॲड्रिनॅलिन पंपावर तयार हवं, 0.05 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटापासून. सरासरी दाब नेहमीच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवा, 65 च्या खाली नाहीच. नेहमीचा म्हणजे जुन्या कागदांवरचा, कॅज्युअल्टीत विव्हळताना मोजलेला नव्हे.

आता सर्जन मंडळींचं आवडतं वाक्य: ‘बीपीचा पेशंट आहे, स्पायनल द्या, सेफ असतं.’ कोरड्या रुग्णाला स्पायनलमध्ये 3 मिली हेवी बुपिवाकेन (बधिर करणारं औषध) दिलं की 200 चे 80 व्हायला वेळ लागत नाही. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, आतडं कापावं लागेल अशी शंका आहे, तर पूर्ण भूलच. आधी सलाईन, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) ओढून पोट रिकामं, डोकं वर, तीन मिनिटं ऑक्सिजन. फेंटानिल किलोमागे 1.5 ते 2 मायक्रोग्रॅम, झोपेचं प्रोपोफॉल 1 ते 1.5 मिलिग्रॅम, मग स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलिन 1.5 किंवा रोक्युरोनियम 1.2 मिलिग्रॅम, सगळं किलोमागेच. श्वासाची नळी 15 सेकंदांत गेली पाहिजे. त्या वेळी बीपी उसळतं आणि चीर पडेपर्यंत आपोआप खाली येतं. उसळीवर लॅबेटालॉल (बीपी उतरवणारं इंजेक्शन) दिलंत तर पुढची घसरण आणखी खोल जाते. द्यायचंच असेल तर त्याच जातीचं एस्मोलॉल, त्याचा अंमल मिनिटांत ओसरतो. नायट्रस (भुलेचा वायू) बंद, त्याने आतडं अजून फुगतं.

स्पायनलला माझा वैयक्तिक विरोध नाही. उलट्या नाहीत, पाणी भरून काढलंय, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू नाही, तर कमी मात्रेत चालतं. मांडीच्या सांध्याजवळच्या छोट्या हर्नियाला नुसता ब्लॉकही (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) पुरतो. भूल कुठलीही असो, स्नायू सैल पडले की आतडं कधी कधी स्वतःच आत सरकतं. ते न पाहता शिवू नका म्हणून सर्जनला बजावा.

श्वासाची नळी रुग्ण पूर्ण जागा झाल्यावरच काढा. नंतर बीपी चढलं तर आधी दुखणं, भरलेली लघवीची पिशवी, थंडी, ऑक्सिजन बघा. लॅबेटालॉल 5 मिलिग्रॅम त्यानंतर.

छातीत दुखतंय, फुप्फुसात पाणी आहे किंवा बोलणं अडखळतंय, तर वरचं जसंच्या तसं लागू नाही. तिथे बीपी हीसुद्धा इमर्जन्सी असते. बीपी सतत दिसावं म्हणून धमनीत लाइन घालून बीपी उतरवणं आणि ऑपरेशन ही दोन्ही कामं बरोबरीने करावी लागतात. बाकी वेळी फिजिशियनला फिटनेस मागत बसू नका. गोळ्या कोणत्या आणि शेवटची कधी घेतली, एवढं घरच्यांना विचारा.