लाल एलईडी ऑनलाइन घेतोय: ८००० एमसीडी, १५ अंश की २००० एमसीडी, ३० अंश? जास्त उजेड कोणाचा?

चौपट आकडा बघून लगेच ८००० वाला घेऊ नका. एमसीडी म्हणजे मिलिकँडेला. एका दिशेने झोत किती तीव्र आहे ते त्यातून कळतं, एकूण प्रकाश नाही. अंश म्हणजे झोत पसरण्याचा कोन. तो निम्मा केला की तोच प्रकाश साधारण पाव जागेत दाटतो. म्हणून तुमच्या दोन्ही एलईडींचा एकूण प्रकाश जवळपास सारखाच, अर्धा ल्युमेनसुद्धा (एकूण प्रकाशाचं एकक) नाही.

१५ अंशांचा पॅनेलवर लावून जरा बाजूला सरकून बघा, विझल्यासारखाच वाटतो. इंडिकेटरसाठी मी तरी ६० अंशांचा, दुधी आवरणाचा घेईन. लांबवर झोत हवा असेल तरच अरुंद कोन. आणि हो, दोन्ही आकडे एकाच करंटला (बहुतेकदा २० मिलीअँपिअर) मोजलेत का, हे डेटाशीटमध्ये नक्की तपासा.